सुजलेला डोळा दिसला की आधी प्रोब

अगं, तुझा मेसेज ओपीडीतच वाचला आणि पुढचे पेशंट बघताना डोक्यात तेच चालू होतं. सात वर्षांचं पोर, पापणी पडलेली, डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, स्टेरॉइड दिलं की सूज उतरते, बंद केलं की परत येते, आणि तू विचारतेस डोस वाढवू का. नाही! आधी बी-स्कॅन, म्हणजे प्रोब लावून डोळ्याची सोनोग्राफी. टेक्निशियनवर सोडू नकोस, स्वतः कर, पोर रडलं तर आईच्या मांडीवर बसवून परत कर. डोळ्याच्या स्नायूत काळी गोल गाठ आणि आत कडेला पांढरा ठिपका दिसला की ते अळीचं डोकं, म्हणजे सिस्टिसर्कस, टेपवर्मच्या अळीची गाठ. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली तरीसुद्धा.

आणि "घरचे माळकरी आहेत, म्हणजे ते नसणार" हे मला परत लिहू नकोस, राग येतो. डुकराचं कच्चं मटण खाऊन आतड्यात टेपवर्म होतो. डोळ्यातली गाठ होते त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी कुणाच्या तरी शौचातून पाण्यात, कोथिंबिरीवर, हातांवर येतात. तिथे माळ काय करणार?

ठिपका दिसला म्हणून लगेच अल्बेंडाझोल, अळी मारायचं औषध, तेही लिहू नकोस. ड्रॉप टाकून पडदा बघ, मेंदूचा एमआरआय काढ, कारण डोळ्याच्या आत किंवा मेंदूत सिस्ट असेल तर ती मरताना येणाऱ्या सुजेने नजर जाऊ शकते, फिट येऊ शकते. दोन्ही साफ असेल तर अल्बेंडाझोल किलोमागे रोज 15 मिलिग्रॅम, साधारण 4 आठवडे, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, हळूहळू कमी करत. स्टेरॉइड वाईट नाही गं, न बघता दिलेलं एकटं स्टेरॉइड वाईट. स्नायूतल्या गाठीला चाकू लावायची घाई नको, स्नायू दुखावला तर तिरळेपणा मागे राहतो. ठिपका नसलेली, डोळ्याला हळूहळू पुढे ढकलणारी मोठी गाठ असेल तर हायडॅटिडचा, म्हणजे दुसऱ्या एका टेपवर्मच्या पाणीदार गाठीचा विचार कर, तिथे सर्जरी लागते आणि गाठ फुटू द्यायची नसते. आणि डोळा झपाट्याने बाहेर आला तर रॅब्डोमायोसारकोमा, हा पोरांमधला कॅन्सर, बायोप्सीला उशीर नको. हे सगळं वेगळं करायचं तर आधी बघायला हवं ना!

मला हट्टी म्हणायचे, प्रत्येक सुजलेल्या डोळ्याला प्रोब लावतो, ओपीडी तुंबते म्हणून. तुंबू दे. महिनोन्महिने स्टेरॉइड खाऊन चेहरा गोल झालेली पोरं यायची आणि प्रोब लावला की ठिपका समोर. ती आधी आली असती तर, ही सल अजून जात नाही. म्हणून हट्ट सोडला नाही, आणि बरोबरच केलं.

उद्या त्याला बोलाव, स्कॅन कर आणि मला पाठव. रिपोर्ट नको, इमेज पाठव.