जुन्या फोटोतली फळमाशी ओळखायची कशी?

प्रश्न : वडिलांच्या अल्बममध्ये पेरूच्या बागेतल्या सापळ्याचा रोल धुतलेला फोटो सापडला. त्यातल्या माश्या तांबूस दिसतात, हल्ली बागेत येतात त्या काळसर आहेत. म्हणजे जात बदलली का? तोच सापळा आता दोडक्याच्या मांडवाला चालेल का? शिवाय मोबाईलमध्ये गेल्या वर्षीचा आंब्यातल्या अळ्यांचा फोटो आहे. ती कोणती माशी?

उत्तर : आधी रंग बाजूला ठेवा. जुने रंगीत प्रिंट वर्षांगणिक तांबडट होत जातात. सापळ्यात वाळलेली माशी फिकी पडते, आणि कोषातून नुकती निघालेली तर मुळातच फिकट असते. काळ्या पाठीची माशी अशा फोटोत विटकरी दिसली तर नवल नाही.

पाहायचा तो पंख. पुढच्या कडेने टोकापर्यंत सलग बारीक तपकिरी रेघ गेली असेल तर बॅक्ट्रोसेरा डॉरसॅलिस, म्हणजे आपल्या आंब्यावरची नेहमीची फळमाशी. रेघ मध्येच तुटून फक्त टोकाशी ठिपका उरला असेल तर झोनाटा किंवा कोरेक्टा, या तिच्याच बॅक्ट्रोसेरा गटातल्या दोन जाती. तुमच्या फोटोत सापळ्याच्या झाकणावर एक माशी पंख पसरून पडली आहे, तिच्या पंखाला टोकाचा ठिपका तेवढा दिसतो. झोनाटाची पाठ तांबूस आणि कोरेक्टाची काळी, पण रंगावर भरवसा नाही हे वर आलंच. तोंडावर दोन सुटे काळे ठिपके असतील तर झोनाटा, आडवी काळी पट्टी असेल तर कोरेक्टा. मात्र या प्रिंटमध्ये तोंड ओळखू येत नाही. तेव्हा 'दोघींपैकी एक' एवढंच मी लिहून देईन. हल्लीच्या काळसर माशीचा पंख जवळून पाहिल्याशिवाय जात बदलली असं म्हणता येत नाही. एकाच पेरूच्या बागेत या जाती एकत्रही सापडतात.

फार वाईट वाटून घेऊ नका. नावांच्या बाबतीत तज्ज्ञांचीही फेरफार चालते : इन्व्हाडेन्स आणि पपाये या वेगळ्या मानलेल्या जाती २०१५ मध्ये डॉरसॅलिसमध्येच विलीन झाल्या. आणि तुमच्या पेरूला या वादाने फरक पडत नाही, कारण डॉरसॅलिस, झोनाटा आणि कोरेक्टा या तिन्ही जातींचे नर मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाला येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यात हेच आमिष असतं.

दोडक्याचं मात्र वेगळं. वेलवर्गीय भाज्यांना डंख मारणारी माशी क्यू ल्युअर या दुसऱ्या आमिषाला येते, मिथाईल युजेनॉलला नाही. सापळा तोच वापरा, पण आमिष बदला. नाहीतर सापळा रिकामा पाहून 'माशीच नाही' असा समज होईल आणि दोडके आतून सडतील. ही माशी फोटोतही चटकन कळते : पाठीच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ असतेच, शिवाय मधोमध तिसरी. पंखाच्या टोकाशी रुंद डाग असतो आणि एक आडवी पट्टीही. म्हणूनच जुना फोटो पाठवताना सापळ्यात कोणतं आमिष होतं, पीक कोणतं आणि महिना कोणता हे आठवून लिहा. कधी कधी फोटोपेक्षा ही माहितीच जास्त बोलते.

आंब्यातल्या अळ्यांच्या फोटोवरून जात सांगणं मला जमणार नाही. सगळ्याच पांढुरक्या, पाय नसलेल्या. यंदा डंखलेलं फळ मिळालं तर काचेच्या बरणीत ओलसर वाळूवर ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. अळ्या वाळूत उतरून कोष करतील. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत माश्या निघतात. त्यांना साखरपाण्याचा बोळा देऊन तीन-चार दिवस जगू द्या, म्हणजे रंग पक्का होईल. मग बरणी फ्रीजरमध्ये ठेवा. मेलेल्या माशीचे तीन फोटो काढा : पाठीचा, तोंडाचा आणि पांढऱ्या कागदावर पसरलेल्या पंखाचा. शेजारी मोजपट्टी असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर पंखावरची बारीक रेघच नाहीशी होते.

अल्बममधला फोटोही प्लास्टिकमधून बाहेर काढून, उजेड एका बाजूने घेऊन पुन्हा टिपा. तोंड दिसलं तर कळवेन.