व्हाइटटेल हरणासाठी काडतूस : आधी खांदा बघा, मग बोअर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घर नंदगडकडं, नोकरी विस्कॉन्सिनमध्ये, एच-वन-बी व्हिसा. कंपनीतली माणसं दर नोव्हेंबरात व्हाइटटेल, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जातात, यंदा तुम्हालाही बोलावलंय. दुकानात .२४३, .२७०, .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर अशा वेगवेगळ्या बोअरच्या (नळीच्या भोकाच्या मापाच्या) काडतुसांच्या डब्या रचलेल्या बघून गोंधळ उडाला, आणि तिथल्या माणसानं ".३०० विन मॅग घ्या, कशालाही चालतं" असं सांगितलं. शेवटी एक ओळ जोडलीय : गावी आजोबांची .३१५ रायफल पडून आहे, सांबरं भातात येतात, त्यांच्यावर तिचा उपयोग होईल काय?

शेवटचं आधी. नाही, अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते, ते १९९१ च्या दुरुस्तीनं संपले. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, यांतलं काहीही मारलं तर सरळ गुन्हा. खानापूर तालुक्यात तर भीमगड अभयारण्य उशालाच आहे. पीक गेलं तर पंचनामा करून वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा. हेलपाटे पडतात, पण वाट तीच आहे. आणि आजोबा हयात नसतील तर ती बंदूक माळ्यावर ठेवू नका. वारसाच्या नावावर परवाना होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा असली पाहिजे. नाहीतर घरात असलेल्या माणसावर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा लागतो, आणि घरात तुमची आई आहे. हे काम काडतुसाच्या आधी करा.

आता तिकडचं. सरळ उत्तर : .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन वजनाची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी गोळी. खांद्याला बंदुकीची सवय अजिबात नसेल तर .२४३, ९५ ते १०० ग्रेन. .३०० विन मॅग घेतली असेल तर परत करा. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण यात माझ्या हातून एकदा चूक झालीय.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २८ वर्षं होतो, त्यातली बरीच बेळगावात रंगरुटांना फायरिंग शिकवण्यात गेली. मुलगा तिकडंच स्थायिक आहे, म्हणून निवृत्तीनंतर काही हिवाळे विस्कॉन्सिनात काढले. पहिल्या वर्षी परप्रांतीयाचा शिकार परवाना काढला आणि मुलाच्या शेजाऱ्यानं आपली .३०० विन मॅग मोठ्या प्रेमानं हातात दिली. मला वाटलं, एवढी वर्षं फौजेची एसएलआर रायफल चालवलीय, ही काय वेगळी असणार. रेंजवर चार गोळ्या झाडल्या, खांदा ठणकला, "बस झालं" म्हणून थांबलो. चूक तिथंच झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मक्याच्या खुंटाच्या कडेला मादी उभी राहिली, फार तर ९० यार्ड. घोडा दाबताना माझा डोळा मिटला आणि खांदा आपसूक पुढं गेला. हे मला त्याच क्षणी कळलं, रंगरुटांच्यात मी हेच हजार वेळा पकडलं होतं. हरीण पाठ वाकवून, शेपूट खाली घालून गेलं. जिथं उभं होतं तिथं ओकच्या वाळल्या पानावर गडद रक्ताचा एकच थेंब, आणि त्याला चिकटलेला हिरवट, चघळलेल्या गवतासारखा चोथा. वास घेतला आणि पोटात कालवलं. गोळी आतड्यात लागली होती. शेजारी म्हणाला, आता मागं लागलो तर ते मैलभर पळेल, थांबायला हवं. रात्रभर थांबलो. सकाळी हरीण सापडलं, ओढ्याच्या काठी, दोनशे पावलांवर. ते किती वेळ जिवंत होतं ते मला माहीत नाही, आणि तो विचार आजही सुटलेला नाही. बंदूक ताकदवान होती, हरीण जवळ होतं, प्रकाश होता. फक्त माझा खांदा त्या बंदुकीला घाबरला होता.

म्हणून काडतूस निवडताना पहिला प्रश्न हा, की ते तुम्ही न दचकता किती वेळा चालवू शकता. धक्का फूट-पाउंडात मोजतात. साधारण वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का १० च्या आसपास, ६.५ क्रीडमूरचा १२-१३, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० च्या घरात, आणि .३०० विन मॅगचा २५ च्या पुढं. नवशिक्याचा खांदा पंधराच्या पुढं कुरकुरायला लागतो, वीसच्या पुढं मन कुरकुरायला लागतं, आणि मन कुरकुरलं की नेम गेला. व्हाइटटेल नर जिवंतपणी ७० ते १०० किलो, आपल्या चितळाच्या जवळपास. त्याला विन मॅगसारखं मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस लागत नाही. मॅग्नम एल्कसारख्या, म्हणजे आपल्या सांबराच्या अंगाच्या जनावरासाठी आणि लांबच्या टप्प्यासाठी. विस्कॉन्सिनच्या जंगलात बहुतेक गोळ्या शंभर यार्डांच्या आतच झाडल्या जातात.

दुसरी गोष्ट गोळी. इथं फौजेची सवय आडवी येते. आम्ही आयुष्यभर टणक कवचाची गोळी चालवली, जी आरपार जाते आणि पसरत नाही. शिकारीला नेमकी उलटी लागते. गंमत म्हणजे पसरणाऱ्या गोळीचं जगप्रसिद्ध नाव आपल्याच देशातलं : कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात .३०३ ची मऊ टोकाची गोळी बनली, ती 'दमदम'. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली, कारण त्या फार मोठी जखम करतात. हरणाच्या बाबतीत मोठी जखम म्हणजेच दया. फुप्फुसात गोळी उमलली की काही सेकंदांत संपतं. टणक गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते आणि जनावर तासन् तास फिरतं. म्हणून स्वस्त मिळते म्हणून फौजी पद्धतीची 'एफएमजे' डबी शिकारीला नेऊ नका, अनेक राज्यांत तिला बंदीच आहे. सरावाला खुशाल वापरा. डबीवर 'सॉफ्ट पॉइंट' किंवा 'बॉन्डेड' (कवच आणि आतलं शिसं घट्ट जोडलेली) लिहिलेलं बघा. तांब्याच्या गोळ्याही चांगल्या, त्यांत शिसंच नसतं, त्यामुळं ते मांसात मिसळत नाही. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून वीतभर लांबही जातात, घरात लहान मुलं खाणार असतील तर तांबंच घ्या. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

डबीवरचा ग्रेनचा आकडा हे गोळीचं वजन, दारूचं नव्हे. हा घोटाळा नव्या माणसाचा हमखास होतो. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे १५० ग्रेनची गोळी तोळ्याला थोडी कमी.

आता एकेक काडतूस. .३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकी लष्कराचं, शंभर वर्षं हरणं मारतंय, त्यात उणं काही नाही, फक्त धक्का .३०८ हून जास्त आणि हरणासाठी त्या जादा ताकदीची गरज नाही. .२७० हे त्याचंच तोंड आवळून १९२५ मध्ये केलेलं. मोकळ्या माळावर उत्तम, गोळी सपाट जाते. .२४३ हे १९५५ चं, .३०८ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) आवळून केलेलं. धक्का नगण्य, पण गोळी हलकी असल्यानं खांद्याच्या हाडावर मारायचं टाळावं आणि दीड-दोनशे यार्डांत राहावं. ६.५ क्रीडमूर २००७ चं. रेंजवरच्या लांबच्या नेमबाजीसाठी काढलं, हरणालाही छान चालतं, आणि .२४३ व .३०८ यांच्यात अडकलात तर तेच घ्या, मी नको म्हणणार नाही. .३०-३० हे १८९५ चं, लिव्हरवाल्या हलक्या रायफलीचं, दाट झाडीत दीडशे यार्डांपर्यंत फार प्रेमळ काडतूस. त्यात एक जपायचं : काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागं एक बसतात, पुढच्याच्या टोपीवर (ठिणगी पाडणाऱ्या बुडावर) मागच्याचं टोक, टोचलं तर ते आतच उडू शकतं, म्हणून नेहमीची अणकुचीदार गोळी त्यात घालायची नाही, चपट्या टोकाचीच.

.३०८ मी का म्हणतो? ते १९५२ चं, आणि आमच्या एसएलआरच्या ७.६२ गुणिले ५१ चं सख्खं भावंड. माझा ओढा आहे हे कबूल, पण कारण एवढंच नाही. ते कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं, सरावाच्या डब्या स्वस्त असतात, रायफली आखूड आणि हाताला बेताच्या येतात, आणि १५० ग्रेनची गोळी सुमारे २,८०० फूट प्रति सेकंद वेगानं निघते. हरणाला पुरेशी म्हणून गोळीच्या ताकदीची (खांद्याच्या धक्क्याची नव्हे) १,००० फूट-पाउंडची एक ढोबळ रेघ शिकारी मानतात, त्या रेघेच्या ती दोनशे यार्डांवरही बरीच वर राहते. ७.६२ ची लष्करी काडतुसं आणि .३०८ बाहेरून सारखीच दिसतात, तरी नळीवर कोरलेलं असेल तेच घाला. सारखं दिसतं म्हणून सारखं नसतं.

कायद्याचं आता. तुम्ही एच-वन-बी वर आहात, तेव्हा काडतुसाची डबी हातात घेण्याआधी शिकार परवाना हवाच. तिकडच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत राज्याचा चालू शिकार परवाना हा एक. मित्राची रायफल "जरा धरतो" म्हणून धरणंही बाळगण्यात मोडू शकतं. विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा कोर्स सक्तीचा आहे. मी त्याआधीचा म्हणून मला सूट होती, तुम्हाला नाही. कोर्स झाला की मग परवाना. अंगावर केशरी किंवा गुलाबी चमकदार कापड लागतंच. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर नियम नव्यानं वाचा : कोलोरॅडोत हरणाला किमान .२४ बोअर आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड लागतात, ओहायोत तर .३०८ चालतच नाही, तिथं रायफलीला सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या पुंगळीचीच काडतुसं, .३५० लीजंड, .४५० बुशमास्टर वगैरे.

नेम कुठं? हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या जरा मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला. तिथं फुप्फुस-काळजाचा आठ इंचांचा गोल आहे, जेवणाच्या ताटाहून लहान. डोक्यावर मारू नका, ते सतत हलतं आणि जबडा फुटून सुटलेलं हरीण उपाशी मरतं. गोळी लागल्यावर रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबून जा. काळपट लाल असेल तर यकृत, तीन-चार तास. हिरवट चोथा असेल तर माझ्यासारखंच रात्रभर.

सराव असा करा. .३०८ दोनशे यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथं नेमाच्या जागीच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर शंभरला गोळी दोनेक इंच वर लागते आणि तीनशेला आठ-नऊ इंच खाली. म्हणजे दोनशेच्या आत नेम वर-खाली करायची गरजच नाही, आणि तुम्हाला दोनशेच्या पुढं मारायचंच नाहीये. मित्राला सांगा, पाच काडतुसांत मधेच एखादं डमी घाल, कुठलं ते मला सांगू नको. डमीवर घोडा दाबला आणि नळीचं तोंड खाली झुकलं, तर तुम्ही दचकताय. आम्ही रंगरुटांना असंच पकडायचो. झुकणं थांबेपर्यंत जवळपास धक्का नसलेल्या छोट्या .२२ वर उतरा, त्यात काही कमीपणा नाही.

हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो, नऊ दिवस. परवाना हातात आल्यावर, दिवाळीच्या आधी रेंजवर निदान तीन खेपा करा. शंभर यार्डांवर घरातली आठ इंचांची कागदी थाळी लावा, वाळूच्या पिशवीवर नाही, बसून, गुडघ्यावर कोपर टेकून पाच गोळ्या. मित्राची .३०८ आणि कुणाची तरी .२४३, दोन्हींवर वेगवेगळ्या थाळ्या. पाचही आत असतील त्या रायफलीची डबी घ्या. दोन्हीत आत असतील तर .३०८ ची. थाळ्यांचे फोटो मला पाठवा, कुठल्या बाजूला गोळ्या सरकतात त्यावरून खांदा काय करतोय ते सांगता येईल.