व्होडका मुरवली तर गुन्हा होतो का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. दुकानातून आणलेल्या व्होडकात संत्र्याची साल, दालचिनी आणि व्हॅनिला मुरवून नाताळच्या भेटीसाठी १२ बाटल्या भरल्या आहेत. काही शेजाऱ्यांना देईन, दोन शिकागोच्या नणंदेला पोस्टाने पाठवीन, दोन पुण्याला नेईन. उरलेल्या मंडळाच्या मेळाव्यात २० डॉलर ‘देणगी’ घेऊन द्यायच्या आहेत. नवरा म्हणतो, ही घरी दारू गाळणंच झालं. खरं का?

उत्तर: नाही, ताई. गाळणं म्हणजे भट्टी लावून मद्यार्क वेगळा काढणं. केंद्रीय कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड लिहिला आहे. तुम्ही कर भरलेल्या बाटलीत फक्त साली टाकल्यात. घरच्यासाठी आणि भेटीसाठी एवढं करणं म्हणजे गाळणं नव्हे. पण व्होडका घराबाहेर पडली की प्रत्येक वाटेचा नियम वेगळा.

सगळ्यात आधी मेळाव्याचा बेत सोडा. न्यू जर्सीच्या मद्य कायद्यात निव्वळ फुकट नसलेलं प्रत्येक देणं ‘विक्री’ ठरतं, अदलाबदलसुद्धा. पेटीवर ‘देणगी’ लिहिल्याने काही बदलत नाही. २० डॉलर दिले तरच बाटली मिळणार असेल, तर ती विनापरवाना विक्री. मंडळाने एक दिवसाचा कार्यक्रम-परवाना काढला, तरी तो समारंभात मद्य देण्यापुरता असतो. तुमच्या स्वयंपाकघरात भरलेल्या बाटल्या विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तुमच्याबरोबर मंडळही अडचणीत येईल, म्हणून हे इतकं स्पष्ट सांगते.

शिकागोला पोस्टाने अजिबात पाठवू नका. अमेरिकी टपाल खातं ०.५ टक्के किंवा अधिक मद्यार्क असलेलं पेय स्वीकारत नाही आणि जाणूनबुजून पाठवणं हा फौजदारी गुन्हा आहे. यूपीएस आणि फेडेक्स या कुरिअर कंपन्याही मद्य फक्त परवानाधारक, करार केलेल्या व्यावसायिकांकडूनच घेतात. खोक्यावर ‘सिरप’ लिहून पाठवलंत तर खोट्या माहितीची भर पडेल. नणंदेला सुका मसाला पाठवा: एका संत्र्याची पांढरा भाग काढून वाळवलेली साल, दालचिनीचा एक तुकडा, व्हॅनिलाची अर्धी शेंग. व्होडका तिने तिथेच विकत घ्यावी. ७५० मिलीला एवढं पुरतं. दालचिनी दोन दिवसांनी काढायला सांगा, नाहीतर कडवट होते; साल चार-पाच दिवस राहू दे.

पुण्याची अडचण विमानात आहे. २४ टक्क्यांहून जास्त आणि ७० टक्क्यांपर्यंतचं मद्य माणशी ५ लिटरपर्यंत नेता येतं, पण दुकानाच्या न उघडलेल्या बाटलीतच. तुमची व्होडका ४० टक्क्यांची आणि बाटली घरी भरलेली, म्हणजे केबिनमध्येही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. २४ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर चेक-इनमध्ये ही अट लागत नाही. ७५० मिली व्होडकात ३०० मिली मद्यार्क असतो; त्यात ५०० मिली पाक घातला की हिशेबाने बरोबर २४ टक्के होतात. पण काउंटरवर हे सिद्ध कशाने करणार? साखरेने द्रव जड होतो, त्यामुळे घनतेवरून मद्यार्क मोजणारा हायड्रोमीटरही चुकतो. तेव्हा पुण्याला सीलबंद बाटलीच न्या. भारतीय कस्टम्समध्ये शुल्कमुक्त मर्यादा २ लिटरची आहे.

शेजाऱ्यांना जरूर द्या, मात्र २१ वर्षांखालच्या कुणाच्या हाती देऊ नका, आईवडिलांसाठी का असेना. गाडीतून नेताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरी भरलेल्या बाटलीला कारखान्याचं सील नसतं, त्यामुळे बसायच्या जागेत ती सापडली तर ‘उघडी बाटली’ ठरू शकते. डिकीत ठेवा, डिकी नसेल तर शेवटच्या उभ्या सीटच्या मागे.

चिठ्ठीवर मूळ व्होडकाचं नाव, टक्केवारी, भरल्याची तारीख आणि घातलेला प्रत्येक जिन्नस लिहा. बदाम-अक्रोडासारखं काही असेल तर ते ठळक. जर्दाळू किंवा चेरीच्या बिया कुठल्याही बाटलीत टाकल्या असतील, तर ती बाटली कुणालाच देऊ नका. त्या बियांतून सायनाइड तयार होतं, आणि भेट फुकट दिली होती एवढ्यावर निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका होत नाही.