उचलून न्यायचं नाही

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हॉल मिळतोय, वर्षभर भाडं नाही, साउंड सिस्टीमही देणगीदारच देणार. फक्त हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आणि तुमच्या नाटकाच्या गटातला व्हीलचेअरवरचा मुलगा स्वतःच म्हणतोय, ‘चौघांनी उचललं की झालं ताई, माझ्यापायी हॉल सोडू नका.’ तू विचारतेस, काय करू?

हॉल सोड.

तुझं काम किती मोलाचं आहे वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला ठाऊक आहे. तुझा घोळ वेगळाच आहे. तू चाळीस मुलं एका पारड्यात आणि एक मुलगा दुसऱ्या पारड्यात घालून बसली आहेस, आणि तो एक मुलगा आपणहून पारड्यातून उतरायला तयार झाला म्हणून तुला रडू येतंय. रडू नकोस. पण ‘तो तयार आहे’ हे वाक्य मला पुन्हा लिहून पाठवू नकोस. ज्या पोरानं शाळेची सहल, गॅदरिंग, मामाचं लग्न असं सगळं ‘राहू दे, तुला त्रास होईल’ ऐकत घालवलंय, तो रिहर्सलला यायला मिळावं म्हणून कशालाही हो म्हणेल. दुसरा रस्ता समोर नसताना दिलेला होकार आपण धरायचा नसतो.

आणि उद्या पंधरा वर्षांची मुलगी आली तर? तीही व्हीलचेअरवर. तिला रोज संध्याकाळी चार पोरं काखेत हात घालून जिना चढवणार? ती येणारच नाही. एकदा खालून जिना बघेल, आईला म्हणेल, मला नाटक आवडत नाही. आणि वर्षाच्या अहवालात आपण लिहू, ‘मुलींचा प्रतिसाद कमी.’ जे जिन्यापाशीच परत फिरतात ते कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाहीत, म्हणून म्हणते, उचलून न्यायचं नाही. कुणालाच नाही, एकदाही नाही.

माझा हा हट्ट कुठून आला ते तुला कधी सांगितलं नाही. मी तेव्हा दुसऱ्यांच्या संस्थेत लाइट्स बघायचे. एकांकिका स्पर्धा होती, आमच्या नाटकात एक मुलगा होता, पाय आणि उजवा हात आखडलेला, आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस पुढे सरकून बसेल. स्टेजला बाजूनं सहा पायऱ्या. कार्यकर्त्यांनी त्याला खुर्चीसकट उचललं, प्रेक्षकांनी नाटक सुरू व्हायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याच्या कामाच्या नव्हत्या, उचलणाऱ्यांच्या होत्या. विंगेत मी त्याला पाण्याची बाटली दिली तर त्यानं नुसते ओठ ओले केले आणि झाकण लावलं. त्याची आई मागून हळूच म्हणाली, सकाळपासून प्यायला नाहीये, संडास खाली आहे ना, पुन्हा उचलायला कुणाला सांगायचं. एप्रिल महिना होता. डोक्यावर हजार वॅटचे दिवे. त्या कोरड्या घशानं त्यानं चाळीस मिनिटं काम केलं आणि बक्षीसही घेतलं. परीक्षकांनी भाषणात त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द! त्याला जिद्द नको होती, पाणी हवं होतं.

तू म्हणतेस सांगलीत जागा मिळत नाही. अगं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटकाचा पहिला खेळ केला तो याच सांगलीत, म्हणून आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो. पंढरी म्हणायचं तर सगळंच आठवूया. पंढरपुरात चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर, महाद्वारापाशी आहे. आणि ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. आपल्याकडे पायरी ही नुसती दगडाची कधीच नव्हती. तेव्हा ‘पायऱ्यांचं काय एवढं’ असं तुझा तो खजिनदार म्हणतो ना, त्याला हे सांग.

आता हिशेब. रॅम्पचा धरलेला उतार १:१२ असतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुझा हॉल दहा फुटांवर असेल तर एकशेवीस फूट, वर मधे थांबायच्या सपाट जागा वेगळ्या. म्हणजे तिथे रॅम्प होत नाही, लिफ्टच लागते, आणि भाड्याच्या इमारतीत ती कुणी बसवून देणार नाही. म्हणून देणगीदाराचं ‘लिफ्टचं पुढे बघू’ हे बोलणं पोकळ आहे. हेच गणित स्टेजला लाव. साडेतीन फूट उंच स्टेजला बेचाळीस फूट. बहुतेक ठिकाणी रॅम्प असतो तो प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत, कारण व्हीलचेअरवरचा माणूस बघायला येईल एवढंच बांधणाऱ्याच्या डोक्यात येतं. तो नाटक करायला येईल, मेकअपरूममध्ये आरशासमोर बसेल, लाइट्सच्या बोर्डवर हात ठेवेल, हे येत नाही. तर मग स्टेजच नको. जमिनीवर करा, प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवा, मागच्यांना बाकांवर. सिंधुदुर्गात दशावतारी देवळापुढं एक बाकडं टाकून आख्खं पुराण उभं करतात, तुम्हाला साडेतीन फूट उंची कशाला हवी?

बाकीच्या गोष्टी अवघड नाहीत, वेळेवर विचारल्या तर. न दिसणाऱ्या मुलांसाठी जमिनीवर सुतळी ताणून वरून चिकटपट्टी लावा, अनवाणी पायाला रेषा कळते, कुठे विंग सुरू होते ते कळतं. सेट लागला की आधी त्यांना हातानं फिरून बघू दे. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन मराठीत मोठी नाटकं उभी केली आहेत, तेव्हा ‘हे कसं जमणार’ हा प्रश्न जुना झाला. तुमच्या गटातल्या कर्णबधिर मुलीसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी आणाल त्याच्यावर वेगळा दिवा ठेवा, तो काळोखात उभा राहिला तर तिला काय दिसणार? आणि त्याला संहिता आठवडाभर आधी द्या. हे सगळं बजेटच्या पहिल्या पानावर लिहायचं. ‘उरले तर’ या रकान्यात कधीच काही उरत नाही.

स्पेशल बॅचचं तू शेवटी दोन ओळींत उरकलंस, पण मला ते सर्वांत जास्त खटकलं. शनिवारी खाली पार्किंगमध्ये ‘त्या’ मुलांची वेगळी बॅच, रविवारी वर बाकीच्यांची. म्हणजे उचलायचंही नाही आणि बरोबर घ्यायचंही नाही. नाही म्हणून सांग. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर वंचितांचा रंगमंच सुरू केला, वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटकं रचली आणि केली. त्यांना कुणी दुसऱ्यांचं नाटक बघायला म्हणून बोलावलं नव्हतं. तुझ्या गटातही कोण काय करणार हे त्या मुलानं आणि त्या मुलीनं बाकीच्यांबरोबर बसून ठरवायला हवं. उद्या तोच दिग्दर्शन करेल. तेव्हाही उचलून आणणार का दिग्दर्शकाला?

देणगीदाराशी बोलताना दयेचा सूर लावू नकोस. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कलम २९ आहे, संस्कृती आणि मनोरंजनावर. त्यात दिव्यांग कलावंतांना साहाय्य आहे, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे बदलणंही आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक हवेत, नुसत्या सूचना नकोत. हे शांतपणे टेबलावर ठेव. तोच पैसा तळमजल्याच्या जागेला द्या म्हण. देईल कदाचित. नाही दिला तर नाही.

तू मला विचारशील, तुम्हाला हे परवडलं का? नाही परवडलं. मीही असाच एक हॉल नाकारला, आणि माझ्याबरोबर संस्था उभी करणारा मित्र म्हणाला, ‘आठ पायऱ्यांसाठी तू सगळं बुडवलंस.’ त्यानंतर तो आला नाही. त्याच्याइतका चांगला नेपथ्यकार मला पुन्हा मिळाला नाही, आणि अजूनही नवीन नाटक वाचलं की पहिल्यांदा वाटतं, हे त्यानं कसं उभं केलं असतं. पण संस्था बुडाली नाही. लहान झाली. शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन वर्गांत आम्ही प्रयोग केले, मधली फळी काढून. मोठ्या सभागृहाचे लोक आले नाहीत, पण कुबड्या घेऊन येणाऱ्या आजीबाई आल्या, धुणीभांडी आटोपून थेट येणाऱ्या बायका आल्या, आणि तालमीला कुणीही पाणी न पिता बसलं नाही. लोक मला हेकेखोर म्हणतात. म्हणोत. मी आजही तो हॉल घेणार नाही.

तेव्हा उद्या त्या मुलाला सांग की हॉल त्याच्यापायी सोडलेला नाही, माझ्या सांगण्यावरून सोडलाय. त्याच्यावर ओझं नको. मग त्यालाच घेऊन जवळपासच्या शाळा बघायला जा, टेप बरोबर ठेव. दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर मिळते का बघ, खुर्ची आत पूर्ण वळते का बघ, आणि संडास सर्वांत आधी बघ, कुलूप असेल तर किल्ली मागून उघडून बघ. मुख्याध्यापकांना संध्याकाळी सहानंतरचे वर्ग माग. मापं आली की मला फोन कर. मी रात्री साडेनऊनंतर मोकळी असते.

तुझी,
ताई