क्रोशाची लेस ‘खरी’ लेस असते का? आणि शिकताना कोणता दोरा घ्यावा?

असते. यात वाद घालण्यासारखं काही नाही, तरी लोक घालतात.

मागे एका प्रदर्शनात मी आयरिश पद्धतीची कॉलर ठेवली होती. गुलाब आणि पानं सुटी विणून कापडावर टाचायची, मग मधली जागा जाळीने भरायची, जाळीत क्लोन्स गाठी (सुईवर दोरा गुंडाळून केलेल्या फुगीर गाठी), असं ते काम. डोळे दुखून येतात. परीक्षकबाईंनी कॉलर उचलली आणि विणकामाच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणे, लेस म्हणजे बॉबिनवरची (दोरा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या एकमेकींवरून फिरवून केलेली) नाहीतर शिवायच्या सुईची, ही नुसती नक्कल. शेजारी आमच्या जाऊबाई उभ्या. “मी म्हणतच होते,” म्हणाल्या!

नक्कल म्हणून सुरुवात झाली, मान्य. व्हेनिसच्या उठावदार सुई-लेसवर आयरिश क्रोशा बेतलेला आहे. पण का, ते बघा ना. आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला होता. क्लोन्स गावच्या धर्मगुरूची बायको कॅसँड्रा हँड हिने १८४७ मध्ये तिथल्या बायकांसाठी हे काम सुरू केलं. सुई-लेसपेक्षा क्रोशा कितीतरी झपाट्याने होतो, म्हणून घरात पैसा आला.

आणि ज्या बॉबिन लेसचा एवढा तोरा, तिची जाळी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट जॉन हीथकोटने १८०९ मध्येच घेतलं. क्रोशा आजही कारखान्यात होत नाही. सुईवर फास एकच, आणि पुढचा टाका मागच्या ओळीत हवा तिथे घुसवायचा. हे कारखान्यातल्या यंत्रांना जमत नाही. दुकानातलं ‘क्रोशा’ म्हणून विकलेलं यंत्राचं कापड उसवून बघा, वीण वेगळीच निघते. मग नक्कल कोणाची होते?

हां, दोरा. आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. १० नंबर आणि दीड मिलिमीटरची सुई घ्या, हात बसला की २०, मग ४०. मर्सराइज्डच (प्रक्रिया करून चकचकीत केलेला सुती दोरा) घ्या, आणि गडद रंग नको, टाके दिसत नाहीत.

अर्थात जाड लोकरीच्या शालीला मीही लेस म्हणणार नाही. बॉबिनच्या लेसइतका पातळपणा क्रोशाला येत नाही, हेही खरं. प्रदर्शनात द्यायचं असेल तर विभाग कोणता ते आधी लेखी विचारून घ्या. आणि घरातलं कोणी नाक मुरडलं तर ४० नंबरची गुंडी आणि बारीक सुई त्यांच्या हातात द्या. जाऊबाईंना मी दिली होती. सुई हरवली म्हणतात.