किड्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं का? मग त्यांनाही मधुमेह होतो का?

असतं. आपलंच नव्हे, पण त्याच घराण्यातलं. गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, घडीही तीच.

मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या फ्रिजच्या दारात आईची इन्सुलिनची पेनं आणि फ्रिजवरच्या टोपलीत केळी. केळी काळी पडली की चिलटं आलीच. वर्गात हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, किड्यांना स्वादुपिंड कुठे असतं?" नसतंच. ड्रोसोफिला जातीच्या चिलटाच्या मेंदूत सुमारे १४ पेशी स्वादुपिंडाचं हे काम करतात: इन्सुलिन बनवतात आणि थेट रक्तात सोडतात.

शोध मात्र लागला रेशीमकिड्यात. कात टाकायला लावणारं हार्मोन मिळवायला जपानी शास्त्रज्ञांनी पतंगांची लाखो डोकी वाटली. १९८४ साली हाती लागलेल्या रेणूची रचना बघतात तर ती इन्सुलिनसारखी! गंमत म्हणजे ते हवं असलेलं हार्मोन नव्हतंच, खरं नंतर वेगळंच निघालं. याला मग बॉम्बिक्सिन हे नाव मिळालं.

किड्यांच्या रक्तातली मुख्य साखर ट्रेहॅलोज, म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेले. ती आटोक्यात ठेवणं हे इन्सुलिनचं एक काम. पण माझ्या मते खरी मजा वाढीत आहे, आणि ती घरी दिसते. मी जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत अर्धं केळं आणि मोजक्या अळ्या, दुसरीत नखाएवढा तुकडा आणि अळ्यांची ही गर्दी. (आईने आठवडाभर ओट्याकडे बघून नाक मुरडलं.) पहिलीतून तिळाएवढी चिलटं निघाली, दुसरीतली राजगिऱ्याहून जेमतेम मोठी. अन्न तुटपुंजं असलं की शरीरातली चरबी मेंदूला तशी खबर देते, मेंदू इन्सुलिन रोखतो, मग पेशी कमी आणि लहान राहतात. चिको नावाचं जनुक बिघडलेली चिलटं तर पोटभर खाऊनही नेहमीच्या निम्म्याहून लहान राहतात, कारण इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही.

आता मधुमेह. २००२ मध्ये प्रयोगशाळेत मेंदूतल्या त्या पेशी मारून पाहिल्या, तेव्हा अळ्यांच्या रक्तातली साखर चढली आणि वाढ रेंगाळली. आपल्या टाइप १ सारखंच. साखर ठासून भरलेल्या अन्नावर वाढवलेल्या अळ्यांची तऱ्हा टाइप २ ची: इन्सुलिन असून लागू पडत नाही, साखर वाढते, अंगावर चरबी चढते. तुमच्या टोपलीवरच्या चिलटांची काळजी नको. त्यांना केळ्यातल्या साखरेपेक्षा त्यावर धरलेलं यीस्ट हवं असतं.