डोळे मिटले की तोच विचार

प्रश्न: मध्यंतरी ऑफिसच्या मीटिंगमधे मी एका कलीगला सगळ्यांसमोर टाकून बोलले. तेव्हापासून रात्री पडलं की तेच डोक्यात फिरतं. अ‍ॅप लावून माइंडफुलनेस करते, श्वासाकडे लक्ष देते, पण विचार जायच्या ऐवजी अजूनच येतात. काय चुकतंय?

उत्तर: करताय ते बरोबरच आहे हो, फक्त श्वास बघता बघता तुम्ही मधेच चेक करताय की गेला का तो विचार, आणि गेला का बघायचं म्हणजे त्याची आठवण काढणं आलंच! १९८७ मधे डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर खुशाल विचार करा म्हटल्यावर तर आधी दाबून ठेवणाऱ्यांना अस्वल जास्तच आठवलं, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही.

म्हणून हाकलायचं सोडा. विचार आला की मनात एवढंच म्हणा, 'मीटिंग आठवली'. 'मी वाईट आहे' असं वाटलं तर 'मी वाईट आहे असा विचार येतोय', बास. मग शरीरात कुठे जाणवतंय ते बघा, घसा आवळतो का, छातीवर दडपण येतं का, तिथे थोडं थांबा आणि सावकाश श्वासाकडे या. परत आला तर परत तेच, आणि चिडचिड झाली तर तिलाही 'चिडचिड' म्हणा. फक्त त्याच्याशी वाद घालू नका, कारण 'मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं' हे एकदा सुरू झालं की अर्धा तास कुठे गेला कळतच नाही.

आणि हे सगळं एकदम रात्री अंथरुणातच नको, तेव्हा आपण आधीच थकलेलो असतो. दिवसा अंघोळ करताना, भांडी घासताना, साध्यासुध्या विचारांवर सवय करा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मधे अमेरिकेत माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला तो बराचसा जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी होता, ज्यांचं दुखणं जाईलच अशी खात्री नव्हती, त्यामुळे तिथेही भर दुखणं घालवण्यावर नव्हता तर त्याच्यासोबत नीट जगता येण्यावर होता. अ‍ॅपवाले हे सांगत नाहीत, त्यांना लगेच शांतता विकायची असते.

डोळे मिटून घाबरायला होत असेल तर उघडे ठेवा, पावलं जमिनीला टेकलेली जाणवू द्या. झोप, भूक उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर मात्र यावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा.

अजून एक, तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाहीये म्हणून विचारते, त्या कलीगला सॉरी म्हणालात का? नसेल तर ते आधी करा, ध्यान नंतर.